चालत आलेलं घर

अमेरिकेत, एडिसनमधल्या कितीतरी मराठी घरांत रोज संध्याकाळी ज्या पोळ्या खाल्ल्या जात, त्या लाटणारी बाई जावा बेटावरच्या एका लहानशा भातशेतीच्या गावातली होती. खाणाऱ्यांपैकी कुणालाही हे माहीत नव्हतं. माहीत होऊ नये अशी व्यवस्थाच होती. नीलाकाकूंच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जाहिरातीत 'अस्सल पुणेरी, घरगुती, सात्त्विक डबा' असं लिहिलेलं असे आणि डबा न्यायला येणाऱ्यांना काकू पुढच्या दारातच गाठत. पोळ्या खाली तळघरात होत. तिथे जायला घरातून एक जिना होता आणि मागच्या अंगणातून एक दार. ते दार थेट स्वयंपाकाच्या जागेत उघडायचं. तिला लागून एक खोली, त्या खोलीत पोनियेम राहायची.

पोनियेम. एवढंच नाव. आडनाव नाही, बापाचं नाव नाही. तिच्याकडे बाजाराचा आठवडा पाच दिवसांचा असतो, त्यातल्या पोन नावाच्या वारी जन्मली म्हणून पोनियेम. अमेरिकेच्या फॉर्मवर मात्र नाव आणि आडनाव असे दोन रकाने असतात. म्हणून व्हिसा देणाऱ्यानं तिचं नाव आडनावाच्या रकान्यात ढकललं आणि पुढे 'पहिलं नाव अज्ञात' अशा अर्थाची तीन इंग्रजी अक्षरं छापली: एफ, एन, यू. काकूंकडे येण्याआधी ती एका गोदामात खोकी भरायची. तिथला सुपरवायझर तिला सहा वर्षं 'फनू' म्हणून हाका मारत होता.

"मग तू सांगितलं नाहीस?" मी विचारलं होतं.

"कशाला? फनू पण चांगली बाई. खूप काम करायची."

मी पीएचडीला जवळच्या पिस्कॅटवेच्या विद्यापीठात आले आणि काकूंच्या घरातली वरची खोली भाड्यानं घेतली. काकूंनी आडनाव विचारलं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे असलं काही नसतं हं, प्रज्ञा." आणि फ्रिजमध्ये मला एक कप्पा वेगळा दिला. सगळ्याच टेनंट्सना देते, म्हणाल्या. दुसरा टेनंट नव्हता.

मी नागपूरच्या ज्या घरात वाढले तिथे पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत. बाबा दिवसा कारखान्यात आणि संध्याकाळी पत्रकं लिहिणार. मला अक्षरओळख झाली ती पत्रकांच्या मथळ्यांवरून. जे लिहिलेलं नाही ते आपलं नाही, हे मी दुधाबरोबर प्यायले. हे इथं सांगते ते स्वतःबद्दल सांगायचं म्हणून नाही. पोनियेमच्या गोष्टीत माझा जो हात आहे, तो कुठून आला हे कळावं म्हणून.

पहिल्यांदा मी तिच्याकडे गेले ती जिन्यावरून. कपडे धुवायचं मशीन कसं चालतं ते विचारायला. तिनं मला खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसवलं, आत गेली आणि काचेच्या ग्लासात चहा घेऊन आली. ग्लासावर झाकण होतं, वर बोंड असलेलं, स्टीलचं. ते माझ्यासमोर ठेवून ती खाली बसली. मी झाकण काढलं आणि चहा पिऊन टाकला. ती तोंडावर हात धरून हसली. पोट धरून हसली.

"काय झालं?"

"'पी' बोल नाही. तू पी!"

मग तिनं मोडक्या मराठीत सांगितलं की पाहुण्याला झाकणाच्या ग्लासात चहा द्यायचा. पाहुण्यानं तो नुसता समोर ठेवून बसायचं. घरच्या माणसानं 'मोंग्गो' म्हटलं की मगच झाकण काढायचं. मोंग्गो म्हणजे घ्या, या, बसा, सगळंच. घरवाला विसरला तर? तर चहा थंड होतो, ती म्हणाली. तिच्या गावात एक मास्तर असेच थंड चहा सोडून उठून गेलेले तिला आठवत होते.

तिच्या तेव्हाच्या मराठीत नुसत्या आज्ञा होत्या. काकूंकडून तिनं दुसरं काही ऐकलंच नव्हतं. लाट, भाज, पुस, गॅस बंद कर. माझ्याशी बोलून बोलून पुढे तिची भाषा सुधारली, म्हणजे तिला 'मी' सापडली. चारेक महिन्यांनी एकदा मी जिन्यावरून उतरत होते तेव्हा ती खालून ओरडली, "न्दुक, मागून ये!" न्दुक म्हणजे पोरी. "जिन्यावरून पाहुणे येतात. घरची माणसं चुलीच्या दारानं येतात." त्या दिवसापासून मी मागच्या अंगणातून जाऊ लागले. झाकणाचा ग्लास परत दिसला नाही. मला कानतुटक्या मगमध्ये चहा मिळू लागला आणि तो मी विचारल्याशिवाय प्यायचा असे.

तिच्या काही गोष्टींचा मला संताप यायचा. काकू किंवा त्यांच्याकडे आलेलं कुणी बसलेलं असलं आणि तिला समोरून जायचं असलं, की ती कमरेत वाकून, उजवा हात पुढे खाली धरून, जवळजवळ रांगल्यासारखी जायची. काकूंना ते फार आवडायचं. "बघ, कसे संस्कार असतात त्यांच्यात," त्या मला ऐकवायच्या. आमच्या घरात वाकणं हा एकच गुन्हा होता. मी पोनियेमला स्पष्ट सांगितलं, "पुन्हा वाकायचं नाही. तू कुणाची गुलाम आहेस का?"

ती खरंच विचारात पडली. म्हणाली, "ती बसली आहे. मी उभी. तिच्या डोक्यावरून कशी जाऊ?"

"ती तुझ्यासमोरून जाताना वाकते का?"

"तिला नाही शिकवलं कुणी. बिचारी."

दुसरी गोष्ट तिच्या 'हो'ची. पोनियेमनं कुणालाही, कधीही 'नाही' म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिच्याकडे 'इंगिह' असा एक शब्द होता. त्याचा अर्थ हो. पण तो हो कधी 'ऐकलं' असे, कधी 'बघू', आणि पुष्कळदा साफ 'नाही'. काकू करवादायच्या, "हिच्या हो-चं काही खरं नाही बाई! रविवारी शंभर पुरणपोळ्या करशील का विचारलं, इंगिह म्हणाली, आणि रविवारी झोपून राहिली." मला तो प्रसंग फार आवडला होता. त्याला मी संप म्हणत असे. ती म्हणे, पाय दुखत होते.

आणि ती बोटानं कधी काही दाखवायची नाही. अंगठ्यानं दाखवायची, बाकीची बोटं मिटून. मीठ, दार, विमान, चंद्र, सगळं अंगठ्यानं. अजून माझा अंगठा कधी कधी आपोआप पुढे होतो.

बावीस वर्षं ती अमेरिकेत होती. एका कुटुंबाबरोबर मुलं सांभाळायला आली, ते कुटुंब दुसऱ्या देशात गेलं, ही राहिली. नवरा होता, तो सुमात्राला कामाला गेला तो आलाच नाही. कागदपत्रांची मुदत संपली, केस झाली, केस हरली. तरीही वर्षातून एकदा इमिग्रेशनच्या ऑफिसात जाऊन हजेरी लावायची, या अटीवर तिला राहू दिलं होतं. एकदा देशाबाहेर गेलं की परत येता येणार नव्हतं. म्हणून ती गेली नव्हती. आई गेली तेव्हा नाही, बाप गेला तेव्हा नाही. पण दर वर्षी तिकडे भात कापणीला आलं की कणीक मळता मळता म्हणायची, "पुढच्या भाताला मी जाते. आता बस. माझं घर आहे."

त्या घराची गोष्ट तिनं मला पहिल्यांदा सांगितली तेव्हा बाहेर बर्फ होता आणि आम्ही मेथी निवडत होतो.

ती सात वर्षांची असताना तिच्या बापानं आजोबांच्या आवारातून वेगळं व्हायचं ठरवलं. त्यांच्याकडे आवार निराळं आणि घर निराळं. जमीन एकाची, तिच्यावरचं घर दुसऱ्याचं, घरामागचा नारळ तिसऱ्याचाच असू शकतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. घर सागवानी. खिळा एकही नाही, सगळं लाकडी खुंट्यांनी जोडलेलं. तर कौलं उतरवली, भिंतींच्या फळ्या उतरवल्या, खांबांना आडवे बांबू बांधले आणि गावातल्या पुरुषांनी ते घर खांद्यावर उचललं.

"किती माणसं होती?" मी विचारलं. मला आकडे लागतात.

"सगळी."

"आणि तू कुठे होतीस?"

"आत."

"आत म्हणजे?"

"घरात! घर चाललं, मी पण आत चालले. खालची जमीन मागे राहिली. भाताचा बांध आला, माझे पाय चिखलात आणि डोक्यावर आमच्याच घराच्या तुळया. वर आकाश. आई पुढे निखारे घेऊन, मडक्यात. चूल विझायला नको ना." तिनं अंगठ्यानं वर दाखवलं, तळघराच्या पाइपांकडे. "आमचे बाबा ओरडत होते, पोनियेम, बाहेर ये, डोक्यात पडेल काहीतरी. मी नाही आले. कुणाचं घर असं चालतं, न्दुक?"

मरताना बापानं वाटणी सांगितली, गावातल्या चार माणसांसमोर. भाताचं शेत आणि आवार मोठा मुलगा वागिमान याला. घर आणि मागचे दोन नारळ पोनियेमला. लिहून काही ठेवलं नाही. मी किंचाळलेच. "लिहून ठेवलं नाही?"

"कशाला? सगळ्यांना ठाऊक आहे."

"सगळे मरतात!"

"त्यांच्या मुलांना ठाऊक असतं," ती शांतपणे म्हणाली आणि मेथीची जुडी पुढे ओढली.

ही गोष्ट ऐकल्यानंतर दोन वर्षांनी वागिमानचा फोन आला. घर रिकामं असल्यानं वाळवी लागते आहे. शहरातला एक व्यापारी जुनी सागवानी घरं विकत घेतो, उतरवून नेतो, समुद्रकाठच्या हॉटेलांत उभी करतो. त्यानं विचारलं आहे. त्या जागी विटांचं पक्कं घर होईल, थोडी भर पोनियेमनं घालायची. तीन दिवसांनी पोनियेम मागच्या दारात पायरीवर बसून मला म्हणाली, "तू शिकलेली आहेस. काय करू?"

मी काय सांगितलं ते शब्दाला शब्द आठवतं. आमची वस्ती नाल्याकाठची. मी लहान असताना महापालिकेची गाडी दोनदा आली होती. पत्र्याची, फळकुटांची घरं त्यांनी दुपारच्या दुपारी उचलून गाडीत टाकली. मग बाबांनी आणि आणखी काहींनी लढून जमिनीचे पट्टे मिळवले आणि आमच्या घरावर स्लॅब पडला. त्या दिवशी आई म्हणाली होती, आता मला कुणी उचलू शकत नाही. तेव्हा मी पोनियेमला म्हटलं, "लाकडाचं घर म्हणजे कच्चं घर. कुणीही उचलून नेईल. स्लॅब टाक. स्लॅब टाकला की ते घर तुझं, कायमचं."

"कुणीही उचलेल, ते तर चांगलं ना?" तिनं विचारलं.

"कोण उचलतंय यावर आहे ते," मी म्हटलं. केवढी हुशार होते मी.

मीच तिला नकाशा काढून दिला. माझ्या भाषणांच्या कागदांच्या पाठीवर. पुढे बैठकीची खोली, मागे झोपायची, बाजूला स्वयंपाकघर. चुलीचं दार बाजूला हवं म्हणून ती तेवढी अडून बसली, बाकी सगळं माझ्यावर सोडलं. जुनं घर उतरवलं त्याचा व्हिडिओ आला. चार मजूर आणि एक ट्रक. कुणी खांद्यावर घेतलं नाही. पोनियेमनं तो एकदाच पाहिला. पण स्लॅब पडला त्या दिवशी मात्र ती खुलली. काकूंनी ओकट्री रोडवरच्या देशी दुकानातून पेढे आणले, म्हणाल्या, "वा, बंगलावाली झालीस की!" पुढच्या खोलीत फिकट हिरवी फरशी बसली. तिचा फोटो तिनं पोळपाटाच्या वर, भिंतीला चिकटपट्टीनं लावला. त्यात माणूस कुणीच नव्हतं. फक्त फरशी. येणाऱ्याजाणाऱ्याला ती अंगठ्यानं दाखवायची: "माझं घर."

मग गेल्या वर्षी तिच्या गावात सरकारी मोजणी आली. प्रत्येकानं आपापल्या हद्दीच्या खुणेपाशी उभं राहायचं, शेजाऱ्यांनी साक्ष द्यायची, आणि काही महिन्यांत जमिनीचा पक्का कागद हातात. वागिमान आवाराच्या चारी कोपऱ्यांवर उभा राहिला. कागद त्याच्या नावानं झाला. त्यात काहीच खोटं नव्हतं, आवार त्याचंच होतं. पण त्या कागदावर फक्त जमिनीला रकाना होता. घराला नव्हता. नारळाला नव्हता.

त्यानं स्वतःच फोन करून हे सांगितलं. फोन स्पीकरवर, तव्यावर पोळी. तो बोले आणि पोनियेम तुकड्या-तुकड्यानं मला मराठीत सांगे. त्याच्या मुलीचं, रीनाचं लग्न ठरलं आहे. जावई घरी येणार. रिकामं घर तसंच खराब होतं, म्हणून रीना तिथे राहील. म्हणजे राहायलाच लागली आहे.

"विचार त्याला," मी म्हटलं, "घर कुणाचं?"

तिनं विचारलं. तो बराच वेळ बोलला. आवाज मऊ होता, मोठ्या भावाचा असतो तसा. पोनियेमनं पोळी उलटली, मग मला सांगितलं: "म्हणतो, घर तुझंच. बाबा बोलले ते बोलले, मी कधी नाही म्हणणार नाही. तुला पाहिजे तेव्हा उचलून ने."

तव्यावरची पोळी जळाली. तिच्या हातून जळलेली मी पाहिलेली ती एकच.

"इंगिह," ती फोनमध्ये म्हणाली.

मी थयथयाट केला. लबाड, चोर, जमीनदार, जे जे शब्द मला येतात ते सगळे वापरले. ती म्हणाली, "शिव्या नको देऊ. तो खोटं नाही बोलत. आमच्यात असंच आहे. जमीन त्याची असली आणि त्याला ती लागली तर मी घर उचलायचं."

"विटांचं घर कसं उचलणार?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्यात आरोप नव्हता. तो असता तर बरं झालं असतं असं मी म्हणते, कारण आरोपाला मला उत्तर देता येतं.

मी तीन पानी पत्र लिहिलं. हक्क, वारसा, साक्षीदार, स्त्रीचा समान वाटा. फोनवरून त्याचं तिच्या देशाच्या भाषेत भाषांतर केलं, छापून आणलं. तिनं ते दोन्ही हातांत घेतलं, वाचलं, छान आहे म्हणाली. "पाठवशील ना?" "इंगिह." आठवड्यानं ते मला पोळ्यांच्या डब्यात तळाशी घातलेलं दिसलं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "कागद चांगला आहे, न्दुक. तूप पीत नाही." मग पाठमोरी होऊन: "हे पत्र गावात गेलं तर सगळे वाचणार. मग मला तिथे कुणी मागच्या दारानं घेणार नाही. घर गेलं ते गेलं. दार तरी राहू दे."

त्यानंतर पोनियेम पुढच्या भाताबद्दल बोलली नाही. फरशीचा फोटो भिंतीवरच होता, पण वाफेनं त्याचे कोपरे सुटले होते आणि तिनं ते परत चिकटवले नाहीत. पोळ्या तेवढ्याच गोल, तेवढ्याच पातळ होत राहिल्या. एकदा मी विचारलं, लाकडाचंच राहिलं असतं तर उचलून कुठे नेलं असतंस? आवार तर कुठेच नाही तुझं. ती म्हणाली, "कुणीतरी दिली असती जागा. घर घेऊन दारात आलेल्याला नाही कसं म्हणणार?" आणि थोड्या वेळानं: "पण उचलायला कोण आहे आता? पोरं मलेशियात, कोरियात. मी इथं. खांदे सगळे बाहेर."

हजेरीच्या दिवशी मीच तिला गाडीनं घेऊन गेले. दर वर्षी ती दहा मिनिटांत बाहेर यायची आणि आम्ही येताना डोनट खायचो. त्या सकाळी तिनं निळा स्वेटर घातला होता आणि काकूंसाठी कणीक मळून, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली होती. रांगेत बसलेल्या माणसांच्या समोरून ती नेहमीसारखी कमरेत वाकून, हात पुढे धरून गेली. काचेमागच्या पोलिसाला वाटलं तिचं काही पडलंय. तो खाली बघू लागला. ती दारातून आत गेली. मी दुपारपर्यंत थांबले. मग एका माणसानं येऊन मला सांगितलं, गाडी घेऊन घरी जा, ती येणार नाही.

वकील शोधला, फोन केले, पत्रक लिहिलं, विद्यापीठात वाटलं. वीसेक जण जमले. मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं तर कुणीतरी नमस्काराचे हात टाकले आणि खाली दिवाळी कार्यक्रमाची तिकिटं. काकू दारातच म्हणाल्या, "माझं नाव कुठे घेऊ नकोस हं. मी तिला घरच्यासारखं ठेवलं होतं." गुरुवारपर्यंत त्यांनी दुसरी बाई आणली. पुढच्या दारातून मला ऐकू यायचं. "काकू, पोळ्या बदलल्यात का? जाड लागतात." "अरे कणीक बदललीये, यार तुम्ही मुलं पण ना!" एडिसनमध्ये पोनियेमसाठी कुणी हळहळलं असेल तर ते एवढंच, आणि तेही तिचं नाव न कळता.

कोठडीतून तिचा मला एकच फोन आला.

"न्दुक, इथे फॉर्म आहे. तिकडचा पत्ता विचारतात. विमान उतरलं की कुठे जाणार ते."

"घराचा पत्ता लिही," मी म्हटलं.

पलीकडे कुणीतरी इंग्रजीत घाई करत होतं.

"कुणाच्या?" तिनं विचारलं.

मी आयुष्यभर दुसऱ्यांना कागदावर काय लिहायचं ते सांगत आले. फोन कापला गेला. तिनं त्या रकान्यात काय लिहिलं ते मला माहीत नाही.

सात आठवड्यांनी एका अनोळखी नंबरावरून व्हिडिओ कॉल आला. रीना होती, वागिमानची मुलगी. तिला थोडं इंग्रजी येत होतं. "आत्या पोचली," म्हणाली, "तुम्हाला दाखवते." फोन हातात घेऊन ती चालू लागली. मला आधी स्लॅब दिसला, मग मीच काढलेली खिडकी. बाजूचं चुलीचं दार दिसलं, आत कढईचा आवाज येत होता. पण रीना त्या दारानं गेली नाही. ती वळसा घालून पुढच्या दाराशी आली, चपला काढल्या आणि आत शिरली.

फिकट हिरवी फरशी. फोटोत होती त्याहून जास्त चकचकीत. तिच्यावर पाहुण्यांसाठीच्या लाकडी खुर्च्या, आणि एका खुर्चीच्या अगदी कडेवर पोनियेम बसलेली. तोच निळा स्वेटर, तिथल्या उकाड्यात. पाय जुळवलेले. तिनं मला पाहिलं, हसली. मी "मावशी!" म्हणून ओरडले. ती काही बोलणार तेवढ्यात आतून एक बाई आली, वागिमानची बायको असावी, आणि तिनं पोनियेमसमोर टेबलावर चहाचा ग्लास ठेवला. वर बोंडाचं झाकण होतं. ठेवून ती आत निघून गेली.

रीनाला कुणीतरी हाक मारली. तिनं फोन समोरच्या कपाटाला टेकवून ठेवला आणि ती गेली. पोनियेमनं ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोन्ही हात मांडीवरच होते. आत भांडी वाजत होती, कुणीतरी हसत होतं. झाकणाच्या कडेनं वाफ येत होती, ती हळूहळू यायची थांबली.

आतून कुणीही 'मोंग्गो' म्हणालं नाही. आणि पोनियेम वाट पाहत बसून राहिली.